लिमा : नाव हरवले, चव राहिली

रविवारी दुपारचे साडेबारा वाजले होते. जिना चढता चढताच आल्याचा वास आला. तो इतका ओळखीचा होता, की क्षणभर वाटले, आपण पुण्यातल्याच एखाद्या इमारतीत कुणाकडे तरी जेवायला आलो आहोत. प्रत्यक्षात आम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या राजधानीत, लिमा शहरात उभे होतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

आमची मुलगी माद्रिदला शिकत असताना तिच्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी लिमाची. आम्ही पेरूला जाणार हे कळताच तिने बजावले होते, ‘‘काकू, डोंगर, किल्ले, देवळे सगळे पाहा. पण माझ्या आजीच्या हातचे जेवल्याशिवाय परत जाऊ नका.’’ त्या आमंत्रणावरूनच आम्ही आलो होतो.

दार आजींनीच उघडले. वय चौऱ्याऐंशी, ठेंगणा बांधा, गळ्यात क्रूस, तोंडात अस्खलित स्पॅनिश आणि चेहरा मात्र थेट चिनी. हातात सोललेल्या आल्याचा तुकडा तसाच होता. ह्यांनी तेवढ्यावरूनच संभाषणाला सुरुवात केली. ‘‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’’

‘‘कियोन,’’ आजी म्हणाल्या.

नात हसू लागली. म्हणाली, ‘‘हा स्पॅनिश शब्दच नाही, काका. स्पेनमध्ये आल्याला हेंगिब्रे म्हणतात. मी तिथल्या बाजारात कियोन मागितले, तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की आमच्या घरात आम्ही चिनी बोलतो!’’

कियोन हा दक्षिण चीनमधल्या कँटनी बोलीतला शब्द. सोया सॉसला लिमात ‘सियाओ’ म्हणतात, तोही तिथलाच. परतलेल्या भाताला ‘चाउफा’, कोवळ्या चपट्या मटारशेंगांना ‘ओलान्ताओ’, मैद्याच्या सारण भरलेल्या पुड्यांना ‘वांतान’. हे शब्द आता केवळ चिनी वंशाच्या लोकांचे राहिलेले नाहीत. लिमातली कुठलीही गृहिणी वाण्याकडे जाऊन कियोन आणि सियाओच मागते. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानालाही लिमाचे लोक नुसते ‘चिनो’, म्हणजे चिनी, म्हणतात. मग दुकानदार कुणीही असो.

कापोन गल्लीत

आदल्या दिवशी आम्ही नातीबरोबर लिमाची चिनी वस्ती पाहून आलो होतो. शहराच्या मुख्य चौकापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, मध्यवर्ती मंडईला लागून ‘कापोन’ गल्ली आहे. आजचे कागदोपत्री नाव हिरोन उकायाली, पण तोंडात बसले आहे ते जुनेच. एके काळी इथे डुकरे खच्ची करीत, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. तोंडाशी १९७१ मध्ये उभारलेली चिनी पद्धतीची कमान आहे. पुढे वाहनांना बंदी असलेला फरसबंद रस्ता, दोन्ही बाजूंना तांबड्या पाट्या, वाफेवर शिजलेले पाव, टांगलेली भाजकी बदके, वाळवलेल्या छत्र्यांची पोती आणि भविष्य सांगणाऱ्यांची छोटी टेबले. चिनी नववर्षाला इथे सिंह आणि ड्रॅगन नाचवतात. तेव्हा ते पाहायला सगळे लिमा लोटते.

इथल्या चिनी उपाहारगृहाला ‘चिफा’ म्हणतात. ‘जेवणे’ या अर्थाच्या चिनी शब्दांवरून हे नाव आले. १९२० च्या दशकात कापोन गल्लीत कँटनी पद्धतीची चांगली उपाहारगृहे निघाली आणि लिमाचे प्रतिष्ठित लोक तिथे जेवायला जाऊ लागले. आज लिमाच्या प्रत्येक वस्तीत एक तरी चिफा सापडतोच. रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे तिथे जमतात. तळलेले वांतान गोड-आंबट लाल रसाबरोबर येतात. भात आणि नूडल्स एकत्र परतलेला एक पदार्थ मिळतो, त्याचे नाव आहे ‘एरोपुएर्तो’, म्हणजे चक्क विमानतळ! सोबत पिवळ्याधमक इंका कोलाची बाटली. हे गोड पेय लिमातच १९३५ साली निघाले आणि चिफात ते हवेच, असा संकेत पडून गेला आहे.

शाकाहारी वाचकांनी घाबरू नये. ‘चाउफा दे वेर्दुरास’ म्हणजे भाज्यांचा भात बहुतेक चिफांत मिळतो. मात्र त्यात अंडे नको असेल, तर ‘सिन वेवो’ असे आवर्जून सांगावे. मांस नको, हेही स्पष्ट सांगावे, कारण पुष्कळांच्या मते कोंबडी म्हणजे मांस नव्हेच!

तांदळाच्या बोलीवर आलेली माणसे

हे चिनी लोक इतक्या दूर आले कसे? नातीने मंडईतल्या बाकावर बसून ती कथा सांगितली, तेव्हा हातातला वाफाळता पाव तसाच राहिला.

पेरूत १८५४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. पण त्याआधीच, १८४९ पासून, मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांसाठी चीनकडे मोर्चा वळवला होता. १८७४ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत सुमारे एक लाख चिनी पुरुष पेरूत आणले गेले. बहुतेक जण पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकाव बंदरातून जहाजात चढले. प्रवास तीन-चार महिन्यांचा आणि अनेक जण वाटेतच दगावत. करार आठ वर्षांचा. मजुरी आठवड्याला एक पेसो आणि रोज सुमारे दीड पौंड तांदूळ.

कुणी उसाच्या, कुणी कापसाच्या मळ्यात गेले. कुणी रेल्वेमार्गावर. सर्वांत वाईट वाट्याला आले ते चिंचा बेटांवर गेलेल्यांच्या. तिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साठले होते. युरोपात खत म्हणून त्याला सोन्याचा भाव होता. ती खणून जहाजात भरताना उग्र धुळीने माणसांचे डोळे आणि छाती निकामी होत. करार संपेपर्यंत मळ्याबाहेर पडता येत नसे. कर्ज दाखवून करार वाढवलाही जाई. नाव मजुरीचे, पण व्यवहार गुलामगिरीचाच. १८७४ मध्ये पेरू आणि चीन यांच्यात तह झाला आणि ही ने-आण थांबली.

मराठी माणसाला ही कथा अगदीच परकी वाटू नये. त्याच शतकात आपल्याकडूनही करारावर मजूर मॉरिशसला नेले गेले आणि त्यांत मराठी माणसेही होती.

करारातून सुटलेले बरेच चिनी लिमात आले. मंडईच्या आसपास त्यांनी छोट्या खानावळी काढल्या. मोठी आच, लोखंडी कढई, झटपट परतलेले गरम जेवण आणि परवडेल असा दर. गरीब गिऱ्हाईक तिथे जेवू लागले. श्रीमंतांच्या घरी चिनी आचारी आले. पण जेवण आवडले, म्हणून माणूस आवडलाच असे नाही. १८८१ मध्ये चिलीच्या सैन्याकडून पराभव झाला, तेव्हा लिमातल्या जमावाने चिन्यांची दुकाने लुटली. १९०९ मध्ये चिनीविरोधी दंगल झाली आणि त्याच साली स्वच्छतेच्या नावाखाली महापौरांनी मंडईजवळची ओतायसा नावाची गजबजलेली चिनी चाळ पाडून टाकली. अनेक कुटुंबे एका दिवसात रस्त्यावर आली. आज पर्यटक जिथे हौसेने छायाचित्रे काढतात, त्याच्या शेजारीच हे घडले होते.

आजींचे स्वयंपाकघर

आजींचे आजोबा १८७० च्या सुमारास आले. कुठल्या गावाहून, ते घरात कुणालाच माहीत नाही. मळ्यावर त्यांना ख्रिस्ती करून घेताना धर्मपित्याचे स्पॅनिश आडनाव मिळाले आणि तेच पुढे चालले. असे हजारोंचे झाले. मूळ चिनी नाव एका कागदावर लिहिलेले होते म्हणे, पण तो कागद वाचू शकणारे घरात कुणी उरले नाही आणि पुढे तो कागदही गेला. आलेल्यांत जवळजवळ सगळेच पुरुष असल्यामुळे त्यांनी इथल्याच स्त्रियांशी संसार थाटले. त्यामुळे भाषा पहिल्याच पिढीत सुटली. उरले ते स्वयंपाकघरातले शब्द.

‘‘लहानपणी शाळेत मुली माझे डोळे ताणून दाखवीत,’’ आजी कांदा चिरता चिरता सांगत होत्या. ‘‘आई म्हणे, डब्यात सियाओचा भात नको नेऊस, वास येतो. मग मी डबा घरीच ठेवून जाई. आज तोच भात साऱ्या देशाचा झाला आहे!’’

त्यांनी आमच्यासाठी ‘लोमो साल्तादो’ करायचे ठरवले होते. पेरूच्या घराघरांत हा पदार्थ होतो. मूळ कृतीत गोमांसाच्या पट्ट्या असतात, पण आमच्याबद्दल नातीने आधीच सांगितले असल्याने माझ्यासाठी कोंबडी आणि ह्यांच्यासाठी अळंबी अशा दोन वेगळ्या कढया मांडलेल्या होत्या. कढई धुरावेपर्यंत तापवायची, जाड चिरलेला कांदा नुसता चटका लागेल इतकाच परतायचा, मग टोमॅटो, पिवळी मिरची, सियाओ आणि शिरका. ज्वाळा कढईत शिरली पाहिजे, ही आजींची अट. शेवटी त्यात तळलेले बटाटे मिसळतात आणि शेजारी पांढरा भात वाढतात.

हा पदार्थ नीट पाहिला, तर त्यात सगळा इतिहास दिसतो. कढई, आले, सियाओ आणि मोठ्या आचेची रीत चीनची. कांदा, शिरका स्पॅनिशांचा. बटाटा आणि मिरची इथल्या मातीची. बटाट्याचे तर हे माहेरच. अँडीज पर्वतात त्याच्या हजारो जाती पिकतात. तिथून निघालेला बटाटा पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला आणि त्यांचाच शब्द आपण ठेवून घेतला. मिरचीही अमेरिका खंडातूनच त्यांच्याबरोबर आली. म्हणजे ज्या दोन वस्तूंवाचून आपला वडा होत नाही, त्या दोन्ही समुद्रापलीकडच्या. एका ताटात बटाटा आणि भात पाहून परदेशी पाहुणे चकित होतात म्हणे. आम्हाला मात्र त्यात काहीच नवल वाटले नाही.

दुसरी एक वस्तू पाहून मी खालीच बसले. कोपऱ्यात दगडाचा सपाट पाटा होता आणि त्यावर डोलवत वाटायचा गोटा. त्याला इथे ‘बातान’ म्हणतात. आजी त्यावर पिवळी मिरची वाटत होत्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी आनंदाने जागा दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पाट्यावर भाषेची गरज पडली नाही.

पिस्कोची बाटली

जेवणापूर्वी आजींच्या मुलाने पिस्कोची बाटली काढली. पिस्को म्हणजे द्राक्षांच्या आंबवलेल्या रसापासून गाळलेले पेरूचे मद्य. ते एकदाच गाळतात, त्यात पाणी मिसळत नाहीत आणि लाकडी पिंपात मुरवीत नाहीत. त्यामुळे ते पाण्यासारखे स्वच्छ दिसते. आठ ठराविक जातींची द्राक्षे आणि लिमा, इका, अरेकिपा, मोकेग्वा, ताक्ना हे पाच प्रांत, एवढ्यांतूनच केलेल्या मद्याला पेरूत पिस्को म्हणता येते. शेजारचा चिली देशही आपल्या मद्याला पिस्को म्हणतो आणि त्यावरून दोघांचे भांडण जुने आहे. या घरात तो विषय काढू नये, हे आम्हाला लगेच कळले.

याचे प्रसिद्ध पेय ‘पिस्को सावर’. तीन भाग पिस्को, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा बलक आणि बर्फ घालून फेस येईपर्यंत घुसळायचे आणि वर कडू अर्काचे दोन थेंब टाकायचे. लिमात १९१६ मध्ये व्हिक्टर मॉरिस नावाच्या अमेरिकनाने आपल्या मद्यगृहात ते लोकप्रिय केले, असे सर्वत्र सांगितले जाते. पण १९०३ च्या एका पेरुव्हियन पाकपुस्तकातही असेच पेय दिलेले आहे. आता फेब्रुवारीचा पहिला शनिवार हा तिथे पिस्को सावरचा दिवस म्हणून साजरा होतो.

या घरात मात्र ‘चिल्कानो’ होतो. पिस्को, लिंबू आणि आल्याच्या चवीचा सोडा असे हे सोपे पेय. आजींच्या आई इकाच्या, लिमाच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या द्राक्षांच्या मुलखातल्या. माहेरून पिस्को येई. वडिलांच्या घरचे कियोन होतेच. बाजारचा सोडा महाग वाटे, म्हणून आजींच्या आईने आल्याचा पाक करून तो साध्या सोड्यात घालायला सुरुवात केली. ‘‘आईचा पिस्को आणि बाबांचे कियोन. हाच आमच्या घरचा लग्नाचा दाखला,’’ आजी म्हणाल्या.

मुलाने एक गोष्ट सांगितली, ती विसरता येत नाही. ज्या पिस्को बंदरावरून या मद्याला नाव पडले, त्याच्याच समोर समुद्रात ती चिंचा बेटे आहेत. एकाच किनाऱ्यावरून एका बाजूला द्राक्षांचे मद्य जहाजात चढत होते आणि दुसऱ्या बाजूला चिनी मजूर खत उपसत मरत होते.

ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू असल्याने त्यांनी ‘चिचा मोरादा’ पसंत केले. जांभळा मका, अननसाच्या साली, दालचिनी आणि लवंग उकळून केलेले हे सरबत. त्यात मद्य अजिबात नसते. मी चिल्कानोचे चार घोट घेतले. पिस्को फार जोरकस असतो. उपाशीपोटी घेऊ नये, हे मी स्वानुभवाने सांगते!

मूठ किती ग्रॅमची?

जेवणे झाली. नातीने कपाटातून स्वयंपाकाचा वजनकाटा आणि वही काढली. दोन आठवड्यांनी ती नोकरीसाठी पुन्हा परदेशी जाणार होती. ‘‘आजी, चाउफात आले किती घालतेस?’’

‘‘एवढे,’’ आजींनी मूठ दाखवली.

‘‘मूठ नको, ग्रॅम सांग.’’

‘‘ग्रॅम मला काय ठाऊक? भात किती शिळा आहे, त्यावर ते ठरते.’’

मग नातीने युक्ती केली. आजींनी घेतलेली प्रत्येक मूठ, प्रत्येक चमचा पातेल्यात जाण्याआधी काट्यावर ठेवायचा. आजी आधी चिडल्या. ‘‘मी मेल्यावर काट्याला विचार!’’ असेही म्हणाल्या. त्यांचा हात आता थरथरतो. त्या दिवशी सियाओ दोनदा जास्त पडला. नात काही बोलली नाही. तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे बारीक अक्षरात लिहिले, ‘हात कापला.’

थोड्या वेळाने आजीच शांत झाल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्या आजोबांचे नाव कागदावर होते. वाचणारे कुणी राहिले नाही. मग कागद काय कामाचा? तू लिही, पण करतही जा.’’

मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. त्यांचा गोडा मसाला सगळ्या नात्यात नावाजलेला होता. त्या गेल्या तेव्हा बरणीत चार चमचे उरला होता. दगडफूल किती, खोबरे किती भाजायचे, हे मी पंचवीस वर्षे शेजारी उभी राहून पाहिले होते, पण एकदाही विचारले नव्हते. विचारायचे राहूनच गेले. आमच्या घरच्या आमटीला ती चव आता येत नाही. आमचे तर गाव, नाव, भाषा सगळे जागेवर होते, तरी आम्ही चव घालवली. या घराने सगळे हरवून ती मात्र जपली.

निघताना आजींनी माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत पिवळ्या मिरचीचे बी होते. परदेशी बी-बियाणे विमानतळावर आणता येत नाही, हे नातीने त्यांना समजावले. त्यावर त्यांनी पुडी परत घेतली आणि माझ्या वहीत स्वतःच्या हाताने कृती लिहून दिली. आकडे अर्थातच नव्हते. सगळीकडे एकच शब्द होता, ‘अंदाजाने.’

घरी परतल्यावर मी पहिले काम केले ते आईला फोन करण्याचे. आता दर शनिवारी मी एक कृती विचारते. आपल्या घरातही अशी कुणी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. वही घ्या आणि वजनकाटाही.

घरी करून पाहा

अळंबी साल्तादो (चौघांसाठी)

साहित्य : ४०० ग्रॅम अळंबी, २ मोठे कांदे, २ घट्ट टोमॅटो, १ पिवळी ढोबळी मिरची, २ हिरव्या मिरच्या, ५-६ लसूण पाकळ्या, १ इंच आले, २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा शिरका, ३ बटाटे, कोथिंबीर, तेल, मीठ.

कृती : बटाट्याचे लांब तुकडे तळून ठेवा. लोखंडी कढई चांगली तापवून थोड्या तेलात अळंबी मोठ्या आचेवर परता आणि बाजूला काढा. त्याच कढईत बारीक चिरलेले आले-लसूण, मग जाड चिरलेला कांदा आणि मिरच्या मिनिटभर परता. टोमॅटो घाला. कढईच्या कडेने सोया सॉस आणि शिरका सोडा. अळंबी आणि बटाटे मिसळून लगेच उतरवा. कांदा करकरीत राहिला पाहिजे. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव पाहूनच घाला. गरम भाताबरोबर वाढा.

बिनमद्याचा चिल्कानो

५० ग्रॅम आले ठेचून १ वाटी साखर आणि १ वाटी पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे उकळा, गाळा आणि थंड करा. पेल्यात बर्फ, दोन मोठे चमचे पाक आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून वरून थंड सोडा ओता. लिमात यात ६० मिलिलीटर पिस्को असतो. आपल्याकडे मुलेबाळे पंगतीला असतील, तर असाच उत्तम लागतो.